यंदाचं पीक कुठं आलंय? एक्सपीएसवरची वाचकांची पत्रं

मागच्या अंकात मी एक्सपीएसबद्दल दोन पानं लिहिली होती, म्हणजे एक्स-रे टाकून वस्तूच्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन उडवायचे आणि ते मोजून वर नेमकं काय बसलंय ते सांगायचं, आणि मला वाटलं चार लोक वाचतील, त्यातले दोन घरचेच. पण पत्रं आली बुवा. एका काकूंनी तर फोन करून विचारलं की तुम्ही सारखं पीक पीक लिहिलंय ते सोयाबीनचं का. नाही काकू, ग्राफमध्ये जो सुळका वर येतो त्याला आम्ही लॅबवाले पीक म्हणतो. पण खरं सांगू का, प्रश्न तेच असतात, यंदा पीक कुठं आलं, किती आलं आणि त्यात तण किती. काही निवडक पत्रं घेतोय, नावं छापत नाही कारण दोघांनी आपापल्या गाइडबद्दल लिहिलंय आणि इंदूर तसं छोटंच गाव आहे.

प्रश्न: नातीच्या थीसिसमधले ग्राफ बघितले. आडव्या अक्षावर डावीकडे १२०० आणि उजवीकडे शून्य! मी आयुष्यभर मुलांना शून्य डावीकडे शिकवलं. नात म्हणते आजोबा, असंच असतं. असंच असतं हे काही उत्तर झालं का?
– निवृत्त गणित शिक्षक, रामबाग, इंदूर

उत्तर: सर, नमस्कार. उत्तर झालं नाहीच, आणि तुमच्या नातीला हे विचारलं पाहिजे होतं व्हायवामध्ये, सुटली ती.

असं बघा, मशीन जे मोजतं ते बाहेर आलेल्या इलेक्ट्रॉनकडे किती एनर्जी उरली ते, म्हणजे कायनेटिक एनर्जी. आपल्याला हवी असते ती दुसरीच गोष्ट, तो अणूत किती खोल बसला होता, म्हणजे बाइंडिंग एनर्जी. विहिरीचं उदाहरण घ्या. सगळ्यांना सारखेच पैसे देऊन विहिरीतून वर यायला सांगितलं, जो खोल होता त्याचे जास्त खर्च झाले, वर आल्यावर खिशात किती उरले ते मोजलं की कोण किती खोल होता ते कळतं. ॲल्युमिनियमचा एक्स-रे वापरला तर प्रत्येकाला १४८६.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट मिळतात (पुढं मी नुसतं ईव्ही लिहीन), त्यातून उरलेले वजा करा, मशीनचा स्वतःचा थोडा हप्ता असतो वर्क फंक्शन नावाचा तो वजा करा, झाली बाइंडिंग एनर्जी. कार्बनचा १एस, म्हणजे सगळ्यात आतल्या कप्प्यातला इलेक्ट्रॉन २८५ ईव्हीच्या आसपास खोल असतो म्हणून बाहेर येताना त्याच्याकडे साधारण १२०० उरतात.

आता कायनेटिक एनर्जी तुमच्या शिस्तीप्रमाणंच डावीकडून उजवीकडे वाढते हो, मग बाइंडिंग एनर्जी आपोआप उलटी पडते. अक्ष उलटा नाहीये, फक्त त्यावरची पाटी बदललीय. आणि याचा एक फायदा पण आहे, बाहेर येताना वाटेत धडपडलेले, एनर्जी गमावलेले इलेक्ट्रॉन प्रत्येक पीकच्या डाव्या बाजूला साचतात, त्यामुळं ग्राफ उजवीकडून डावीकडे जिन्यासारखा पायरी पायरीनं चढत जातो. एकदा डोळ्याला सवय झाली की सुलट काढलेला ग्राफच वेडावाकडा वाटतो.

ही पद्धत ज्यांनी घडवली ते स्वीडनमधल्या उप्सालाचे काई सीगबान, १९८१ चं फिजिक्सचं अर्धं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं, आणि त्यांचे वडील मान सीगबान यांनाही एक्स-रेच्या कामासाठी १९२४ चं नोबेल होतंच. १९५४ साली काईंच्या ग्रुपनं पहिला बारीक रेषांचा स्पेक्ट्रम, म्हणजे असा ग्राफ, काढला तो कशाचा तर मिठाचा. आपल्या जेवणातल्या मिठाचा. मला हे फार आवडतं.

प्रश्न: काका, मी काचेवर टायटेनियम डायऑक्साइडची फिल्म बनवते. कार्बनचं पीक २८७.१ ला आलं, मी सगळं सरकवून कार्बन २८४.८ ला आणला. पण मग एका सॅम्पलमध्ये टायटेनियम ४५८.६ ला येतोय आणि दुसऱ्यात ४५९.३ ला. फिल्म तर सेमच आहे. सर म्हणतात २८४.८ लिही आणि मोकळी हो. मोकळी होऊ का?
– पीएचडीवाली, खंडवा रोड, इंदूर

उत्तर: थांब ग, इतक्यात मोकळी होऊ नकोस.

आधी पीक का सरकतं ते बघू. तुझी काच वीज वाहून नेत नाही. एक्स-रेनं इलेक्ट्रॉन सारखे बाहेर निघून राहिलेत आणि खालून भरपाई होत नाही, मग फिल्मवर पॉझिटिव्ह चार्ज साचतो, तो बाहेर जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला मागं ओढतो, त्याच्याकडे उरणारी एनर्जी कमी होते आणि आपल्याला वाटतं की बाइंडिंग एनर्जी जास्त आहे. म्हणून तुझा कार्बन २८७ ला गेला. फ्लड गन लावून वरून हलके इलेक्ट्रॉन शिंपडले की हे कमी होतं, जास्त शिंपडले की उलट्या बाजूला जातं, म्हणजे फ्लड गन लावली म्हणून सरकवायचं काम संपत नाही.

आता मुख्य गोष्ट. चार्जमुळं सरकतं तेव्हा त्या सॅम्पलमधली सगळी पीकं सारखीच सरकतात. म्हणून जागा बघण्याआधी अंतर बघ. तुझ्या दोन्ही सॅम्पलमध्ये ऑक्सिजन १एस आणि टायटेनियम २पी ३/२ (२पी कप्प्याची दोन पीकं येतात, ३/२ आणि १/२, त्यातलं मोठं) यांच्यातलं अंतर काढ, टायटेनियम डायऑक्साइडमध्ये ते ७१ च्या थोडंसं वर यायला हवं. हे अंतर कुठल्याही सरकवासरकवीनं बदलत नाही. दोन्हीकडे अंतर सारखं आलं तर तुझी फिल्म सेमच आहे आणि तो ०.७ ईव्हीचा फरक टायटेनियमचा नाहीच, तो कार्बननं घातलेला घोळ आहे. अंतरच वेगळं आलं तर मात्र बस आणि विचार कर, केमिस्ट्री खरंच बदललेली असू शकते.

कार्बन घोळ का घालतो? कारण तो तुझ्या फिल्मचा नाहीच. हवेतून येऊन बसलेला पाहुणा आहे, प्रत्येक घरी वेगळा वागतो. सीगबानच्याच ग्रुपनं १९६७ च्या सुमारास या पाहुण्याला खूण म्हणून वापरायचं सुचवलं आणि सोय इतकी की सगळ्या जगानं ते उचललं. मग गेल्या काही वर्षांत स्वीडनच्याच लिंशोपिंगचे ग्रेचिन्स्की आणि हुल्टमन यांनी कितीतरी वेगवेगळ्या फिल्मवर मोजून दाखवलं की या पाहुण्या कार्बनची जागा खाली काय आहे त्यावर अडीच ईव्हीहून जास्त हलते. अडीच ईव्ही! आपण लोक ०.२ च्या फरकावर पेपर लिहितो. त्यावरून खूप भांडणं झाली आणि अजून चालू आहेत. माझं मत विचारशील तर कार्बन पूर्ण सोडून देणं रोजच्या लॅबमध्ये जमत नाही, पण २८४.८ हा आकडा देवघरातला नाही हे लक्षात ठेवायचं.

मग करायचं काय तर सरकवण्याआधीची जागा लिही, किती सरकवलं ते लिही, कशाला धरून सरकवलं ते लिही, आणि शेजारी ते ऑक्सिजन-टायटेनियमचं अंतर लिही. चार ओळींचं टेबल होतं. आणि एक बारीक गोष्ट, मी स्वतः केलीय म्हणून सांगतो, घाईत फक्त कार्बनची फाइल सरकवली आणि बाकीच्या तशाच राहिल्या, आणि दोन दिवस मी नवीन ऑक्साइड सापडला म्हणून खुशीत होतो, मिठाई पण वाटायची बाकी ठेवली नव्हती. एक सॅम्पल, एक शिफ्ट, सगळ्या रीजनला, म्हणजे मोजलेल्या सगळ्या तुकड्यांना. आणि पीक नुसतं सरकलं नसून पसरट झालं असेल तर चार्ज सगळीकडे सारखा नाहीये, ते कॉम्प्युटरवर दुरुस्त होत नाही, परत मशीनवर जा, सॅम्पल दुसऱ्या तऱ्हेनं लाव.

सरांना काय सांगायचं ते तू ठरव, पण टेबल आधी दाखव, मग बोल.

प्रश्न: मी पीथमपूरला एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. स्टीलच्या धुतलेल्या पार्टवर पेंट टिकत नव्हता म्हणून बाहेरच्या लॅबमधून एक्सपीएस करून घेतलं. रिपोर्टमध्ये कार्बन ५०.१३ टक्के, ऑक्सिजन ३७.४२ आणि आयर्न फक्त १२.४५! साहेब म्हणतात या स्टीलमध्ये कार्बन ०.२ टक्के पण नाही, लॅबनं गंडवलं, पैसे देऊ नका. काय करू?
– पीथमपूर

उत्तर: पैसे देऊन टाका भाऊ, लॅबनं गंडवलेलं नाही. निदान या कारणासाठी तरी नाही.

सराफ्यात काजूकतली घेता ना, वर चांदीचा वर्ख असतो. आता कोणी फक्त वर्ख चाटून सांगितलं की या मिठाईत काजू नाहीत, सगळी चांदी आहे, तर तो खोटं बोलतोय का? त्यानं जे चाटलं ते सांगितलं. एक्सपीएस तसंच आहे, उलट त्याहून वाईट, कारण वर्ख पण याच्यासाठी फार जाड झाला. एक्स-रे आत खूप खोल जातात पण इलेक्ट्रॉन खोलातून बाहेर येताना धडकून एनर्जी घालवतात, न धडकता साधारण दोनेक नॅनोमीटर येऊ शकतात, आणि त्याच्या तिप्पट खोलीतून ९५ टक्के सिग्नल येऊन संपतो. म्हणजे वरचे पाच-सात, फार तर दहा नॅनोमीटर. माणसाचा केस हजारो पट जाड असतो. तुमचं स्टील त्या खाली आहे, वर आधी गंज म्हणजे ऑक्साइड आणि त्याच्यावर तेलाचा, साबणाचा, हवेचा कार्बन. साहेबांना सांगा की ०.२ टक्के हा आकडा कतलीचा आहे आणि हा रिपोर्ट वर्खाचा. आणि पेंट वर्खावरच बसतो हो, म्हणून हाच रिपोर्ट तुमच्या कामाचा.

आता टक्के कसे काढतात ते बघून घ्या म्हणजे पुढच्या वेळी रिपोर्ट स्वतः तपासता येईल. प्रत्येक पीकखालचा एरिया मोजायचा आणि त्या मूलद्रव्याच्या सेन्सिटिव्हिटी फॅक्टरनं भागायचा, कारण काही मूलद्रव्यं मोठ्यानं बोलतात, काही हळू. स्कोफील्डनं १९७६ साली गणितानं काढलेले फॅक्टर आजही सर्रास वापरतात, त्यात कार्बन १एस ला १ धरलं तर ऑक्सिजन १एस ला २.९३ आणि आयर्न २पी ची दोन्ही पीकं मिळून १६.४२. समजा एरिया आले ४०००, ८७९० आणि १६४२०. भागा. ४०००, ३०००, १०००. बेरीज ८०००. म्हणजे ५०, ३७.५ आणि १२.५ टक्के, जवळपास तुमचाच रिपोर्ट. ग्राफमध्ये आयर्नचं पीक सगळ्यात मोठं आणि टक्के सगळ्यात कमी, हे बघून लोक घाबरतात, घाबरू नका. मशीनप्रमाणं अजून एकदोन बारीक दुरुस्त्या असतात, त्या लॅबवाल्याला विचारा की लावल्या का.

एक चूक मात्र नेहमी होते ती तपासा. आयर्नची दोन पीकं असतात, ३/२ आणि १/२. काही टेबलांत फक्त ३/२ चा फॅक्टर असतो, १०.८२. आता कोणी एरिया दोन्हींचा घेतला आणि भागलं १०.८२ नं तर आयर्न १००० च्या जागी १५१८ होतो आणि टक्का १२.५ चा थेट १७.८. स्टील जागच्या जागी, आयर्न दीडपट!

आणि ते ५०.१३ मधलं .१३ पेननं खोडून टाका. अनोळखी सॅम्पलमध्ये आकडा दहा टक्के इकडंतिकडं होणं काही विशेष नाही, म्हणजे ५० चे ४५ किंवा ५५. पॉइंटनंतरचे दोन आकडे सॉफ्टवेअर छापतं म्हणून छापलेले असतात. शिवाय हायड्रोजन यात दिसतच नाही, त्यामुळं शंभर टक्के म्हणजे हायड्रोजन सोडून शंभर.

पेंटचं खरं उत्तर टक्क्यांत नाही, कार्बनच्या बारीक स्कॅनमध्ये आहे. नुसतं २८४.८ च्या आसपास एकच उभं पीक असेल तर तेलकट काहीतरी आहे, २८८-२८९ ला पण उंचवटा असेल तर साबणासारखं, ॲसिड-एस्टरवालं काहीतरी राहिलंय. आणि सर्व्हेमध्ये, म्हणजे सगळ्या रेंजच्या एका मोठ्या स्कॅनमध्ये, १०२ च्या जवळ सिलिकॉनचं छोटं पीक दिसतंय का ते आधी बघा, सिलिकोन (सिलिकॉनपासून बनलेलं तेलकट द्रव्य) स्प्रे कोणी मारला असेल शॉपफ्लोअरवर तर पेंट टिकणारच नाही, कितीही धुवा. लॅबकडून नुसती पीडीएफ घेऊ नका, मूळ डेटाची फाइल मागा, व्हॅमास फॉरमॅट म्हणतात, त्याचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे आणि कुठल्याही चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतं. पैसे दिलेत तर डेटा तुमचाच आहे.

प्रश्न: पुस्तकात ऑजेचा स्पेक्ट्रम बघितला, त्यात पीक वर जाऊन एकदम खाली शून्याच्या पण खाली जातं. इलेक्ट्रॉन मायनसमध्ये कसे मोजले?
– एमएस्सी, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर: मायनसमध्ये नाही मोजले. ऑजे म्हणजे, आतला एक इलेक्ट्रॉन उडाला की वरचा त्या रिकाम्या जागी उतरतो आणि सुटलेल्या एनर्जीनं तिसराच बाहेर पडतो, तो ऑजे इलेक्ट्रॉन. तो ग्राफ इलेक्ट्रॉनच्या संख्येचा नाही, संख्या किती झपाट्यानं बदलते त्याचा, म्हणजे डेरिव्हेटिव्ह. ऑजेचं पीक भल्यामोठ्या बॅकग्राउंडवर बारीक पुरळ आल्यासारखं बसलेलं असतं, साध्या ग्राफमध्ये दिसतच नाही. १९६८ च्या सुमाराला इलेक्ट्रॉनिक्सनं थेट डेरिव्हेटिव्ह काढायची युक्ती आली आणि ही पद्धत चालायला लागली, म्हणून जुन्या हँडबुकात सगळे ग्राफ तसेच, आणि पीकची जागा म्हणून खालचं टोक वाचायची रीत. आता कॉम्प्युटरवर साधा डेटा घेऊन नंतर डेरिव्हेटिव्ह काढता येतो, पण किती पॉइंटवर काढला ते लिहायचं, नाहीतर उंची दुसऱ्याच्या ग्राफशी जुळत नाही. जाता जाता, पिएर ऑजेनं हे १९२३ ला सांगितलं आणि लीझ माइटनरनं १९२२ ला, नाव मात्र ऑजेचं लागलं.

ऑजे पीकं एक्सपीएसमध्ये पण घुसतात बरं का. नवा होतो तेव्हा जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यात ४९५ ला पीक बघून मी टिन सापडलं म्हणून कळवून मोकळा झालो. टिनची दोन भावंडं असतात, थोरलं ४८६ ला आणि धाकटं ४९५ ला. धाकटं आलं आणि थोरलं घरी नाही, हे मला दिसलं नाही! तो जस्ताचा ऑजे होता. एक्स-रे ॲल्युमिनियमचा बदलून मॅग्नेशियमचा लावला की ऑजे पीक बाइंडिंग एनर्जीच्या अक्षावर २३३ ईव्ही उडी मारतं, खरं पीक हलत नाही. दुसऱ्या दिवशी एका सिनिअरनं एक अक्षर न बोलता सोर्स बदलून दाखवला. बोलले असते तर बरं झालं असतं.

प्रश्न: काका, कॉपर ऑक्साइडची फिल्म आहे. सीयू २पी मध्ये सर म्हणतात चार पीक टाक, मेटल, क्युप्रस, क्युप्रिक आणि हायड्रॉक्साइड. फिट एकदम मक्खन बसतोय, आर-स्क्वेअर ०.९९९, डेटा स्मूद पण केलाय. तरी रिव्ह्यूअर म्हणतो फिटिंग मान्य नाही. आता त्याला काय पाहिजे?
– इंदूर, नाव नको

उत्तर: रिव्ह्यूअर मी नाही, आधीच सांगतो. पण असतो तरी हेच लिहिलं असतं. बाकीच्यांसाठी, फिट म्हणजे मोजलेल्या सुळक्याखाली छोट्या टेकड्या मांडून त्यांची बेरीज डेटाशी जुळवायची, आणि क्युप्रस, क्युप्रिक म्हणजे एक आणि दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं कॉपर.

स्मूदिंगपासून सुरू करू. मोजलेले इलेक्ट्रॉन म्हणजे गणती आहे, १०,००० मोजले तर १०० इकडंतिकडं होणारच, १०० मोजले तर १०, वर्गमूळाचा हिशोब. म्हणून नॉइज निम्मा करायचा तर चौपट वेळ मोजायला लागतं, आणि मशीनची स्लॉट दोन महिन्यांनी मिळते म्हणून आपण शॉर्टकट घेतो, बटण दाबतो, सावित्स्की-गोले, १९६४ ची पद्धत, चांगली पद्धत आहे, काही वाईट नाही. पण ती शेजारच्या पॉइंटांची सरासरी घालते, मग प्रत्येक पॉइंट शेजाऱ्याला ओळखायला लागतो, आणि फिटिंगचं सगळं गणित असं धरून चाललेलं असतं की कोणी कोणाला ओळखत नाही. शिवाय दोन जवळची पीकं असतील तर ती लिंपून एक होतात. म्हणून स्मूद केलेला डेटा भिंतीवर लावायला ठीक, फिट नेहमी रॉ डेटावर. तुझा ०.९९९ स्मूदिंगनं पण वाढलाय, थोडा पीकच्या उंचीनं पण, कुठलंही उंच पीक फिट केलं की आर-स्क्वेअर, म्हणजे फिट किती जुळला त्याचा आकडा, छानच येतो. तो आकडा विसर, खाली रेसिड्यूअल काढ, म्हणजे डेटातून फिट वजा करून जे उरतं ते. ते वाळूसारखं विखुरलेलं असलं तर ठीक, लाटेसारखं वरखाली होत असेल तर काहीतरी चुकतंय.

आता चार पीकं. मेटल कॉपर आणि क्युप्रस ऑक्साइड दोघांचं २पी ३/२ जवळपास एकाच जागी येतं, ९३२.६ च्या आसपास, फरक इतका कमी की रोजच्या मशीनवर ते वेगळे करणं म्हणजे जुळ्या भावांना पाठीवरून ओळखणं. तू दोन पीकं टाकलीस, सॉफ्टवेअरनं एरिया वाटून दिला, कसाही वाटला तरी बेरीज तीच, म्हणून फिट मक्खन. तो वाटा कॉपरनं नाही दिला, तू जिथून सुरुवात केलीस तिथून आला. करून बघ, सुरुवातीचे आकडे बदलून परत फिट चालव, टक्के बदलले तर समज.

यांना ओळखायचं तर ऑजे घ्यायला लागतो, कॉपरचा एलएमएम नावाचा, त्यात कायनेटिक एनर्जीवर मेटल ९१८.६ ला आणि क्युप्रस ९१६.८ ला, जवळजवळ दोन ईव्हीचा फरक. रात्री मशीनवर अर्धा तास जास्त लागतो आणि सगळं भांडण मिटतं, पण कोणी घेत नाही. क्युप्रिकचं तर सोपं आहे, ९४० ते ९४५ मध्ये जो रुंद उंचवटा येतो, शेक-अप सॅटेलाइट, तो क्युप्रिकची सही आहे, मेटल आणि क्युप्रसमध्ये तसा येत नाही. तो असेल तर क्युप्रिक आहे म्हणायचं, आणि तो नसताना क्युप्रिकचं पीक टाकलं असेल तर रिव्ह्यूअर बरोबर आहे. आणि फिल्म आर्गनच्या माऱ्यानं वरून खरवडून मग मोजली असेल तर सगळंच परत बघ, आर्गनचा मारा क्युप्रिकला रिड्यूस करून टाकतो, मग तू तुझी फिल्म नाही, तू केलेली मोडतोड मोजतोयस.

दोन पीकांच्या जोडीला बंधनं घाल, मोकळं सोडू नकोस. कॉपर २पी मध्ये अंतर १९.८ च्या जवळ, एरिया २ ला १. पी असेल तर २:१, डी असेल तर ३:२, एफ असेल तर ४:३, हे क्वांटमनं दिलेलं आहे, सॉफ्टवेअरला विचारायचं नाही. रुंदी मात्र डोळे झाकून सारखी धरू नकोस, टायटेनियममध्ये १/२ वालं पीक खरंच जास्त रुंद असतं, कोस्टर-क्रोनिग नावाच्या भानगडीमुळं. आणि आयर्नवाल्यांनी तर एक पीक एक अवस्था हा हिशोबच सोडावा, गुप्ता आणि सेन यांनी १९७४-७५ मध्ये गणितानं दाखवलं की एकाच अवस्थेचं आयर्न स्वतःच चार-पाच पीकांत फाटतं. तरी दर महिन्याला कोणीतरी सुंदर गोल टेकड्या काढून फेरस इतका, फेरिक इतका लिहून पाठवतोच.

बॅकग्राउंड, म्हणजे पीकखालची ती पायरी जी वजा करायची असते: शर्ली लावला असशील, डेव्हिड शर्लीचा, १९७२ चा, सगळे लावतात. त्याची कल्पना अशी की जितके इलेक्ट्रॉन पीकमध्ये तितक्या प्रमाणात डावीकडे पायरी चढायची. पण त्याची दोन टोकं तू कुठं ठेवलीस त्यावर एरिया बदलतो. टोकं पाच-सहा पॉइंटांच्या सरासरीवर ठेव, एका नॉइजी पॉइंटवर नको, आणि सॅटेलाइट आत घ्यायचा की बाहेर ते सगळ्या सॅम्पलमध्ये सारखं. तोगार्डचा बॅकग्राउंड फिजिक्सच्या हिशोबानं जास्त खरा पण त्याला डावीकडे पन्नासेक ईव्हीचा मोकळा डेटा लागतो, जो तू घेतलेलाच नसशील.

आता ग्राफ कसा काढायचा, कारण अर्धं भांडण तिथंच आहे. तुझ्या चित्रात मला जाड लाल रेघ दिसली आणि तिच्या खाली रंगीबेरंगी टेकड्या, अगदी रांगोळी. डेटा कुठाय? तो लाल रेघेच्या खाली दडला. डेटा ठिपक्यांनी काढ, फिट बारीक रेघेनं त्याच्यावरून, बॅकग्राउंड दाखव, तुकडे दाखव, खाली रेसिड्यूअल. बघणाऱ्याला ठिपके दिसले की तो स्वतः ठरवतो तुझं पीक खरं की नाही, आणि तोच त्याचा हक्क आहे. चार सॅम्पल एकावर एक लावशील तर उभा स्केल सारखा ठेव, नाहीतर प्रत्येकाला एकच उंची दिली असेल तर तसं लिही, कारण तू उंची सारखी केलीस आणि खाली लिहिलंस की ऑक्साइड वाढला नाही, असं चालत नाही. बेसलाइन कापू नकोस. आणि वेगळे फक्त रंगांनी दाखवू नकोस, तुझा पेपर कोणीतरी काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवरच वाचणार, आमच्या काळात तर सगळे तसेच वाचायचो.

रिव्ह्यूअरला पत्र नम्र लिही, पण नको ती पीकं कमी करून आणि एलएमएम जोडून पाठव. सरांना म्हण की रिव्ह्यूअर म्हणाला, तुझं नाव येणार नाही.

प्रश्न: मी बीएस्सी शेवटच्या वर्षाला आहे, होळकर कॉलेजला. हे सगळं शिकायचं तर मशीन लागेलच का? इंदूरमध्ये आहे का कुठं?
– पलासिया

उत्तर: बाळा, इंदूरमध्ये राहून हे विचारतोस! खंडवा रोडला युनिव्हर्सिटीच्या आवारात यूजीसी-डीएईचं संशोधन सेंटर आहे, ते देशभरातल्या युनिव्हर्सिटीवाल्यांसाठीच आहे, आणि राजा रामण्णा सेंटरमध्ये इंडस-१ आणि इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून त्यातून एक्स-रेसारखा प्रकाश काढणारी मोठी मशीनं, आहेत, ४५० मिलियन आणि अडीच बिलियन इलेक्ट्रॉन व्होल्टचे. इंडस-२ वर हार्ड एक्स-रेची फोटोइलेक्ट्रॉन बीमलाइन पण आहे, तिथं एक्स-रेची एनर्जी जास्त म्हणून इलेक्ट्रॉन पण जास्त खोलातून येतात, वर्खाखालची कतली दिसते म्हण.

पण आत्ता मशीन नको. फिटीक नावाचं सॉफ्टवेअर घे, कोणाकडून तरी स्वच्छ सोन्याचा डेटा माग, ४एफ चा, ८४.० आणि ८७.७ ला दोन सुरेख पीकं असतात, ४ ला ३. आधी पट्टीनं कागदावर मोज, मग कॉम्प्युटरवर. सोन्यावर दोनचार दिवस घालव, कंटाळा आला की चांदी घे. सोन्याचं अंतर ३.७ च्या जवळ आणि वाटा ४:३ आला की मग मला लिही, पुढचं सांगतो. आणि कधी सॅम्पल घेऊन सेंटरला जाशील तेव्हा चिमट्यानं पकड, छप्पन दुकानवर पोहे-जिलबी खाऊन त्याच हातानं धरलंस तर तुझ्या स्पेक्ट्रममध्ये मला पोहेच दिसतील.